अमेरिकेतील आरोग्य बचत खात्यात जादा भरणा : दुरुस्तीची मुदत आणि करविवरणपत्रातील नोंदी

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना प्राप्तिकरातून मिळणाऱ्या सवलतींत ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’ म्हणजेच आरोग्य बचत खात्याला मोठे महत्त्व आहे. या खात्यात दरवर्षी किती रक्कम भरता येईल, याची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली आहे. ती ओलांडली गेल्यास जादा रकमेवर दरसाल ६ टक्के कर आकारला जातो. रक्कम ठरलेल्या मुदतीत काढून घेतली तर हा कर पूर्णपणे टळतो. मुदत उलटली तर मात्र तीच रक्कम काही वर्षांत मूळ चुकीच्या तुलनेत बराच मोठा भुर्दंड घडवू शकते. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणारे किंवा अमेरिका सोडून भारतात परतणारे कर्मचारी या अडचणीत सापडण्याचा संभव अधिक असतो.

खात्याचे स्वरूप

८ डिसेंबर २००३ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मेडिकेअरविषयक सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्याने आरोग्य बचत खाते अस्तित्वात आले आणि १ जानेवारी २००४ पासून ही तरतूद लागू झाली. अमेरिकी प्राप्तिकर संहितेच्या कलम २२३ मध्ये या खात्याचे नियम आहेत.

खात्यात भरणा करण्यासाठी संबंधित व्यक्तीकडे ‘हाय डिडक्टिबल हेल्थ प्लॅन’ या प्रकारचा आरोग्य विमा असणे आवश्यक असते. या विम्यात वैद्यकीय खर्चाचा सुरुवातीचा मोठा भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. त्यानंतर विमा कंपनीचे दायित्व सुरू होते. २०२५ या वर्षासाठी हा सुरुवातीचा भाग वैयक्तिक विम्यात किमान १,६५० डॉलर आणि कौटुंबिक विम्यात किमान ३,३०० डॉलर असणे बंधनकारक होते. त्याखेरीज अन्य सर्वसाधारण आरोग्य विमा नसणे, मेडिकेअरमध्ये नाव नोंदलेले नसणे आणि दुसऱ्या कोणाच्या विवरणपत्रावर अवलंबित म्हणून दाखवले जाण्यास पात्र नसणे, याही अटी आहेत.

या खात्याला तिहेरी करसवलत मिळते. भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, खात्यातील व्याज किंवा गुंतवणुकीवरील नफ्यावर कर लागत नाही आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय खर्चासाठी काढलेली रक्कमही करमुक्त असते. शिल्लक रक्कम वर्षअखेरीस बुडत नाही. नोकरी सुटली किंवा देश सोडला, तरी खाते धारकाच्याच मालकीचे राहते. सवलत एवढी मोठी असल्यामुळेच भरण्याच्या मर्यादेचे नियमही काटेकोर आहेत.

भरण्याची मर्यादा

ही मर्यादा महागाईनुसार दरवर्षी बदलते. २०२४ साठी ती वैयक्तिक विमाधारकास ४,१५० डॉलर आणि कौटुंबिक विमाधारकास ८,३०० डॉलर होती. २०२५ साठी ती अनुक्रमे ४,३०० आणि ८,५५० डॉलर, तर २०२६ साठी ४,४०० आणि ८,७५० डॉलर आहे. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना १,००० डॉलर अधिक भरता येतात. हा आकडा महागाईशी जोडलेला नाही.

या मर्यादेत कर्मचाऱ्याने स्वतः भरलेली, पगारातून कापली गेलेली आणि मालकाने आपल्या वतीने भरलेली अशा सर्व रकमा एकत्र धरल्या जातात. मालकाकडून मिळणारी रक्कम ही वेगळी भेट असून ती मर्यादेबाहेर आहे, असा समज चुकीचा ठरतो.

पात्रता महिन्यागणिक मोजली जाते. महिन्याच्या पहिल्या तारखेला पात्र विमा असेल, तरच तो महिना गणला जातो. वर्षातील सहाच महिने पात्रता असल्यास सर्वसाधारणपणे वार्षिक मर्यादेचा निम्मा भाग भरता येतो. एखाद्या वर्षाचा भरणा त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मूळ मुदतीपर्यंत, म्हणजे बहुधा पुढील वर्षाच्या १५ एप्रिलपर्यंत करता येतो.

जादा भरणा कशामुळे होतो

जादा भरण्यामागे बहुतेक वेळा हिशेबातील विस्कळीतपणा असतो. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलल्यास दोन्ही मालक आपापल्या नोंदींनुसार पगारातून रक्कम कापतात. प्रत्येकाला केवळ आपल्याकडील भरणा दिसतो. एकत्रित बेरीज खातेधारकालाच करावी लागते.

पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील आणि त्यांपैकी एकाकडेही कौटुंबिक विमा असेल, तर दोघांना मिळून एकच कौटुंबिक मर्यादा लागू होते. खाती मात्र प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र असतात. दोघांनी आपापल्या खात्यात पूर्ण मर्यादेइतकी रक्कम भरली, तर निम्मी रक्कम जादा ठरते. जोडीदाराच्या कार्यालयातील सर्वसाधारण ‘फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट’ या योजनेतून दोघांचाही वैद्यकीय खर्च भागवता येत असेल, तर केवळ त्या कारणानेही पात्रता जाऊ शकते.

६५ वर्षांनंतरही नोकरीत असणाऱ्यांबाबत आणखी एक अडचण उद्भवते. मेडिकेअरचा लाभ सुरू झालेल्या महिन्यापासून भरण्याची मर्यादा शून्य होते. वयाच्या ६५ वर्षांनंतर उशिरा नोंदणी केल्यास मेडिकेअरचा ‘अ’ भाग सहा महिन्यांपर्यंत पूर्वलक्षी प्रभावाने लागू होऊ शकतो. अशा वेळी त्या मागील महिन्यांत झालेला भरणाही जादा ठरतो.

सहा टक्क्यांचा कर

जादा भरण्यावरील कराची तरतूद संहितेच्या कलम ४९७३ मध्ये आहे. वर्षअखेरीस खात्यात राहिलेल्या जादा रकमेवर ६ टक्के कर लागतो. मात्र हा कर वर्षाच्या अखेरच्या दिवशी खात्यात असलेल्या एकूण रकमेच्या ६ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. त्याचा हिशेब फॉर्म ५३२९ च्या सातव्या भागात करावा लागतो.

हा कर एकदाच भरून सुटका होत नाही, ही त्यातील कळीची बाब आहे. जादा रक्कम जोवर खात्यात राहते, तोवर प्रत्येक वर्षी तो नव्याने लागू होतो. शिवाय जादा रकमेवर वजावट मिळत नाही. स्वतः भरलेल्या जादा रकमेची वजावट घेता येत नाही. पगारातून करपूर्व कापलेली किंवा मालकाने भरलेली जादा रक्कम वेतनाच्या करपात्र आकड्यात आधीच धरलेली नसेल, तर ती विवरणपत्रात ‘अन्य उत्पन्न’ म्हणून दाखवावी लागते.

मुदतीत दुरुस्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग विवरणपत्र सादर करण्यापूर्वीचा आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जादा रक्कम आणि त्या रकमेवर मिळालेले उत्पन्न खात्यातून काढून घेतले, तर ती रक्कम भरलीच नव्हती असे मानले जाते आणि ६ टक्के कर लागत नाही. मुदतवाढ घेतलेल्यांसाठी ही मुदतही वाढते. २०२५ च्या विवरणपत्राची मूळ मुदत १५ एप्रिल २०२६ असून मुदतवाढ घेतलेल्यांसाठी ती १५ ऑक्टोबर २०२६ आहे.

दुसरा मार्ग विवरणपत्र वेळेत सादर केल्यानंतर चूक ध्यानात आलेल्यांसाठी आहे. अशा करदात्यास मूळ मुदतीनंतर सहा महिन्यांपर्यंत जादा रक्कम काढता येते. त्यानंतर सुधारित विवरणपत्र सादर करून त्याच्या शिरोभागी ते नियम ३०१.९१००-२ अन्वये सादर केले असल्याचा उल्लेख करावा लागतो आणि रक्कम काढल्याचे स्पष्टीकरण जोडावे लागते. आधीच्या विवरणपत्रात ६ टक्के कर दाखवला असेल, तर सुधारित फॉर्म ५३२९ जोडून तो कमी करता येतो. मात्र मूळ विवरणपत्र वेळेत सादर झालेले असणे, ही या सवलतीची अट आहे. मुदतवाढही न घेता आणि विवरणपत्रही न भरता एप्रिलची तारीख दवडणाऱ्यास ही संधी मिळत नाही.

दोन्ही मार्गांत खाते सांभाळणाऱ्या संस्थेला रक्कम नेमकी कशासाठी काढली जात आहे, हे स्पष्ट कळवावे लागते. यासाठी संस्थांकडे सहसा वेगळा अर्ज असतो. डेबिट कार्डाने किंवा नेहमीच्या पद्धतीने रक्कम काढल्यास ती साधी उचल म्हणून नोंदली जाते आणि दुरुस्ती झाल्याचे कागदोपत्री दिसत नाही. जादा रकमेवरील उत्पन्नाचा हिशेबही संस्थेकडूनच करून घेणे सोयीचे असते.

कागदपत्रे आणि नोंदी

नोकरदाराच्या डब्ल्यू-२ या वेतनपत्रकातील चौकट क्रमांक १२ मध्ये ‘डब्ल्यू’ या संकेताखाली आरोग्य बचत खात्यातील भरणा दाखवलेला असतो. या आकड्यात मालकाचा वाटा आणि पगारातून करपूर्व कापलेली रक्कम या दोन्हींचा समावेश असतो. वर्षभरात दोन नोकऱ्या झाल्या असतील, तर दोन्ही पत्रकांतील आकड्यांची बेरीज करावी लागते.

ही बेरीज फॉर्म ८८८९ मध्ये मालकाच्या भरण्याच्या ओळीत जाते. कर्मचाऱ्याने बँकेतून थेट भरलेली रक्कम त्याच फॉर्ममध्ये वेगळ्या ओळीत दाखवली जाते. पगारातून कापलेली रक्कम ‘स्वतः भरलेली’ म्हणून पुन्हा दाखवण्याची चूक वारंवार घडते. त्यामुळे एकच रक्कम दोनदा मोजली जाऊन प्रत्यक्षात नसलेला जादा भरणा कागदावर उभा राहतो. म्हणूनच करगणनेच्या सॉफ्टवेअरने जादा भरण्याचा इशारा दिल्यास रक्कम काढण्यापूर्वी ही नोंद तपासणे श्रेयस्कर ठरते.

रक्कम काढल्यानंतर खाते सांभाळणारी संस्था फॉर्म १०९९-एसए देते. जादा भरण्याच्या परतीसाठी त्यावर संकेत क्रमांक २ असतो आणि त्या रकमेवरील उत्पन्न चौकट क्रमांक २ मध्ये दाखवलेले असते. हे उत्पन्न रक्कम ज्या वर्षी काढली, त्या वर्षाच्या विवरणपत्रात ‘अन्य उत्पन्न’ म्हणून येते. २०२५ चा जादा भरणा मार्च २०२६ मध्ये काढला, तर उत्पन्नाची नोंद २०२६ च्या विवरणपत्रात, म्हणजे २०२७ मध्ये करावी लागते. त्याच विवरणपत्रातील फॉर्म ८८८९ मध्ये ही उचल आधी एकूण रकमेत दाखवून पुढील ओळीत वजा केली जाते, म्हणजे ती करपात्र उचल ठरत नाही.

भरण्याची एकूण नोंद दाखवणारा फॉर्म ५४९८-एसए बहुधा मे महिन्याच्या अखेरीस मिळतो. एप्रिलची मुदत तोवर संपलेली असते. त्यामुळे त्याची वाट न पाहता वेतनपत्रके आणि खात्याचा उतारा यांवरूनच पडताळणी करावी लागते.

भारतात परतणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण

नियमांचा प्रत्यक्ष परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो. एका कर्मचाऱ्याकडे २०२५ मध्ये कौटुंबिक विमा होता. जून महिन्याच्या अखेरीस नोकरी संपली, विमाही संपला आणि कुटुंब पुण्यास परतले. तोवर मालकाचे १,२०० डॉलर आणि पगारातून कापलेले ४,८०० डॉलर मिळून खात्यात ६,००० डॉलर जमा झाले होते. वार्षिक मर्यादा ८,५५० डॉलर असल्याने हा भरणा मर्यादेत असल्याचे वरकरणी भासते. परंतु पात्रता केवळ सहा महिन्यांची असल्यामुळे मर्यादा ४,२७५ डॉलर होते आणि १,७२५ डॉलर जादा ठरतात.

हे १,७२५ डॉलर २०२५ च्या विवरणपत्रात ‘अन्य उत्पन्न’ म्हणून दाखवावे लागतील. या कर्मचाऱ्यास २२ टक्के दराने कर लागू असेल, तर त्यावरील प्राप्तिकर ३७९.५० डॉलर होईल. ही शिक्षा नव्हे. मर्यादेबाहेरील रकमेवर घेतलेली करसवलत त्यामुळे परत जाते, इतकेच. रक्कम उत्पन्नासह मुदतीत काढल्यास प्रकरण येथेच संपते.

रक्कम काढली नाही, तर २०२५ साठी ६ टक्के म्हणजे १०३.५० डॉलर कर लागेल. २०२६ आणि २०२७ साठीही तेवढाच कर लागत राहील. तीन वर्षांत त्याची बेरीज ३१०.५० डॉलर होते.

मुदत उलटल्यानंतर

मुदतीनंतर जादा रक्कम कमी होण्याचे दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग पुढील वर्षात कमी भरणा करण्याचा आहे. पुढच्या वर्षी खातेधारक पात्र असेल आणि त्याने मर्यादेपेक्षा कमी रक्कम भरली, तर उरलेल्या जागेत मागील वर्षाची जादा रक्कम सामावून घेता येते आणि तिची वजावटही त्या वर्षी मिळू शकते. अमेरिकेत पात्र विम्यासह नोकरी चालू असणाऱ्यांसाठी हा मार्ग सोपा आहे. एका वर्षाचा ६ टक्के कर सोसून पुढील वर्षी तेवढा कमी भरणा केला की हिशेब पूर्ववत होतो. जादा रक्कम किरकोळ असेल, तर काहींना हाच मार्ग सोयीचा वाटतो.

भारतात परतलेल्या कर्मचाऱ्यास मात्र तो बंद असतो. अमेरिकेतील पात्र विमा नसल्यामुळे त्याची पुढील वर्षाची मर्यादा शून्य असते आणि जादा रक्कम सामावून घेण्यास जागाच उरत नाही. त्याच्यासमोर करपात्र उचल हा एकच मार्ग राहतो. अशी उचल उत्पन्नात धरली जाते आणि त्यावर २० टक्के अधिक करही लागतो. ६५ वर्षे वय पूर्ण झालेले, अपंगत्व आलेले किंवा मृत खातेधारक यांच्याबाबत हा २० टक्क्यांचा अधिभार लागू होत नाही.

वरील उदाहरणात २०२८ मध्ये १,७२५ डॉलर काढल्यास २० टक्क्यांप्रमाणे ३४५ डॉलर द्यावे लागतील. आधीच्या ३१०.५० डॉलरसह ही रक्कम ६५५.५० डॉलर होते. म्हणजे जादा भरण्याच्या एकतृतीयांशाहून अधिक रक्कम केवळ विलंबापोटी जाते. ज्या १,७२५ डॉलरवर २०२५ मध्ये प्राप्तिकर भरला गेला, तेच पुन्हा उत्पन्न म्हणून मोजले जातात, हा तोटा निराळाच.

खात्यातील पैसा वैद्यकीय खर्चासाठी वापरून टाकला की जादा भरणा आपोआप संपतो, अशी समजूत आढळते. ती कायद्यास धरून नाही. जादा रक्कम कमी करण्यासाठी उत्पन्नात धरलेली उचलच गणली जाते. रुग्णालयाच्या देयकासाठी केलेली करमुक्त उचल त्यात येत नाही. अशा खर्चाने खात्यातील शिल्लक घटते आणि शिल्लक फार कमी उरल्यास त्या वर्षीचा ६ टक्के करही घटतो. परंतु नोंदीतील जादा भरणा कायम राहतो.

अमेरिकेत अन्य उत्पन्न नसल्यामुळे विवरणपत्र भरण्याची गरज उरलेली नसली, तरी हा कर देय असल्यास फॉर्म ५३२९ स्वतंत्रपणे सादर करावा लागतो.

वर्षअखेरच्या पात्रतेचा नियम

वर्षाच्या मध्यात पात्र झालेल्यांसाठी एक वेगळा नियम आहे. १ डिसेंबर रोजी पात्र असलेल्या व्यक्तीस संपूर्ण वर्ष पात्र मानून पूर्ण मर्यादेइतका भरणा करता येतो. त्या बदल्यात पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्रता टिकवावी लागते. ती न टिकल्यास या नियमामुळे भरता आलेली वाढीव रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर १० टक्के अधिक कर लागतो.

ही रक्कम ‘जादा भरणा’ या संज्ञेत बसत नाही. त्यामुळे ती खात्यातून परत काढून हा कर टाळता येत नाही. उलट तशी उचल केल्यास वेगळा कर लागू होऊ शकतो. मायदेशी परतण्याचा विचार असलेल्यांनी म्हणूनच या सवलतीचा लाभ घेण्यापूर्वी पुढील वर्षाचा अंदाज घेणे इष्ट ठरते.

राज्यांचे आणि भारतातील नियम

मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या राज्यांत आरोग्य बचत खात्याला राज्याच्या प्राप्तिकरात सवलत नाही. तेथे भरणा राज्याच्या करासाठी उत्पन्नातच धरला जातो. संघीय विवरणपत्रात जादा भरण्याची दुरुस्ती करताना राज्याच्या विवरणपत्रात तीच रक्कम पुन्हा उत्पन्न म्हणून येत नाही ना, हे पाहावे लागते.

मर्यादेतील उर्वरित रक्कम भारतात परतल्यानंतरही खात्यात ठेवता येते. भारतातील रुग्णालयात झालेला मान्यताप्राप्त वैद्यकीय खर्च या खात्यातून सर्वसाधारणपणे करमुक्त रीतीने भागवता येतो. त्यासाठी पावत्या जपून ठेवणे आवश्यक असते. मात्र अमेरिकेतील करमुक्तता भारताच्या प्राप्तिकर कायद्यास बंधनकारक नाही. परतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ‘सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा असेपर्यंत परदेशी मालमत्तेची अनुसूची भरावी लागत नाही. करदाता पूर्णपणे निवासी ठरल्यानंतर मात्र विवरणपत्रातील या अनुसूचीत अशा खात्याची माहिती द्यावी लागते.

पडताळणीचा क्रम

प्रथम पात्र महिने मोजून आपली खरी मर्यादा ठरवावी. नंतर सर्व वेतनपत्रकांतील ‘डब्ल्यू’ संकेताखालील आकडे आणि थेट भरलेली रक्कम यांची बेरीज करावी. बेरीज मर्यादेहून अधिक असल्यास खाते सांभाळणाऱ्या संस्थेकडे जादा भरण्याच्या परतीचा अर्ज करावा आणि रक्कम उत्पन्नासह मुदतीपूर्वी निघाल्याची लेखी नोंद घ्यावी. संस्थेला प्रक्रियेसाठी काही दिवस लागत असल्याने अखेरच्या आठवड्यापर्यंत थांबणे धोक्याचे असते.

अमेरिकेतील नोकरी सोडणाऱ्यांनी ही पडताळणी तेथील बँक खाते, दूरध्वनी क्रमांक आणि पत्रव्यवहाराचा पत्ता चालू असतानाच उरकणे हितावह ठरते. २०२५ च्या जादा भरण्यासाठी, विवरणपत्र वेळेत सादर केलेल्या किंवा मुदतवाढ घेतलेल्या करदात्यांना १५ ऑक्टोबर २०२६ ही अखेरची तारीख आहे.